पुरळ, खाज आणि एल२४ : कोड कसा शोधायचा

अमेरिकेतल्या पेशंटच्या चार्टवर काम करणाऱ्या, म्हणजे डॉक्टरांच्या नोंदी वाचून निदानाला आयसीडी-१०-सीएम (अमेरिकेतली आजारांच्या कोडची यादी) मधला कोड देणाऱ्या नवीन कोडर मंडळींसाठी हे, कारण चार्टमध्ये रॅश दिसला की सगळे सरळ आर२१ (नुसत्या पुरळाचा कोड) टाकून मोकळे होतात. तो फक्त लक्षणाचा कोड आहे, डॉक्टरांनी निदान लिहिलंय ना, मग तो नको.

कॉन्टॅक्ट डर्मटायटिस, म्हणजे कशाचा तरी त्वचेला स्पर्श होऊन आलेला दाह, असेल तर आधी बघायचं की इरिटंट (त्या पदार्थाने त्वचा थेट चुरचुरली) आहे का अ‍ॅलर्जिक (त्या पदार्थाची अ‍ॅलर्जी). इरिटंट म्हणजे एल२४, अ‍ॅलर्जिक एल२३, आणि नुसतंच कॉन्टॅक्ट डर्मटायटिस लिहून सोडलं असेल तर एल२५. मग कारण शोधा, भांडी घासून साबणाने हात सोलले तर एल२४.०, तेल-ग्रीस एल२४.१, सॉल्व्हंट एल२४.२, कॉस्मेटिक एल२४.३, कारण कुठेच नसेल तरच एल२४.९. बाळाचा डायपर रॅश मात्र एल२२, तिथे बरेच जण गंडतात. मोठ्या माणसाला लघवी-शौचावर ताबा नसल्याने झालेलं असेल तर एल२४.ए२, हा ऑक्टोबर २०२१ पासून आलाय.

आणि हो, निकेलचा दागिना दिसला म्हणून आपणच अ‍ॅलर्जी ठरवायची नाही बरं का, नोट्समध्ये स्पष्ट नसेल तर डॉक्टरांना क्वेरी टाका, म्हणजे त्यांनाच विचारून घ्या.