पहिली-दुसरीचा वर्ग लावायचाय? आधी खाली बसा

जून जवळ आला की आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर तेच चालू होतं, कुणी कार्डशीट आणले, कुणी पताका, कुणी फ्लेक्स छापून घेतला, आणि नवीन लागलेले हळूच विचारतात, मॅडम वर्ग लावायचा कसा? मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत पहिली-दुसरी एकत्र घेते. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे (आरटीई) पट ६० पर्यंत असेल तर शिक्षक दोनच, त्यामुळे एका खोलीत दोन वर्ग हे आलंच.

झाडलोट झाली की बस्करपट्टी टाकायची आणि स्वतः पहिलीच्या पोराच्या जागी मांडी घालून बसायचं, तिथून काय दिसतं ते बघायचं. मी पहिल्या वर्षी हौसेने सगळे तक्ते खिडक्यांच्या वर लावले होते, दिसत होते झकास, पण मला आणि भेटीला येणाऱ्या केंद्रप्रमुखांना. वर्षभरात एकाही पोराने त्यावर बोट ठेवून वाचलं नाही कारण बोट पोचतच नव्हतं! तेव्हापासून पोरांनी वाचायचं ते सगळं जमिनीपासून दोन ते साडेतीन फुटांत, वर फक्त घड्याळ आणि कॅलेंडर.

म्हणूनच तळफळा, म्हणजे पोरांनी लिहायचा भिंतीवरचा खालचा फळा, सगळ्यात महत्त्वाचा. भिंतीच्या खालच्या भागाला पट्टा रंगवून घ्यायचा, रंग मॅट घ्या, चकाकणारा ऑइल पेंट मारलात तर खडू घसरतो आणि उजेडात अक्षर दिसत नाही. मग उभ्या रेघांनी भाग पाडून प्रत्येकाला आपापली जागा, वर नावाची पट्टी. पहिलीची पोरं वाचायला शिकतात ती आधी स्वतःचं नाव आणि मग शेजारच्याचं, बाराखडीचा तक्ता नंतर.

दोन वर्ग बसवताना एकाच फळ्याकडे तोंड करून बसवू नका, दुसरीला शिकवताना पहिली तिकडेच बघत बसते. आम्ही पाठीला पाठ लावून बसवतो, पहिलीला एक भिंत दुसरीला समोरची, आणि मी मधे. एका वर्गाला शिकवत असताना दुसऱ्याला हाताला काम पाहिजे म्हणून गणिताचं सामान पोरांच्या हाताशीच ठेवायचं. चिंचोके, बाटल्यांची झाकणं, दहा-दहाचे जुडगे बांधायला आईस्क्रीमच्या काड्या आणि रबरबँड, हे सगळं उघड्या डब्यांत, कपाटात कुलूप लावून नाही. हरवेल? हरवेलच. चिंचोके गावात फुकट मिळतात.

लिहिताना उजेड डाव्या बाजूने आला तर बरं, उजव्या हाताने लिहिणाऱ्याची सावली वहीवर पडत नाही. डावखुरं पोर असेल तर त्याला ओळीच्या डाव्या टोकाला बसवा म्हणजे शेजाऱ्याशी कोपर भांडत नाही.

वाचनकोपऱ्याला फार खर्च नको. दोन खिळे, सुतळी, कपड्यांचे चिमटे, त्यावर गोष्टीची पुस्तकं मुखपृष्ठ समोर येईल अशी लटकवायची, मांडणीत उभी लावली तर पोरांना नुसत्या कडा दिसतात. दर पंधरा दिवसांनी पुस्तकं बदला. आणि बघा, फाटलेलं पुस्तक म्हणजे वाचलेलं पुस्तक, ओरडू नका.

आता पाऊस. शाळा १५ जूनच्या आसपास सुरू होते (विदर्भात महिनाअखेरीला), म्हणजे वर्ग सजवला की लगेच ओल. सेलोटेपने चिकटवलेलं आठवड्यात खाली येतं, सरळ खिळे आणि सुतळी वापरा. ओल येणारी भिंत मागच्या वर्षीच्या डागांवरून ओळखू येते, तिथे काहीच लावू नका. खडू झाकणाच्या डब्यात. पत्र्याची शाळा असेल तर पाऊस वाजायला लागला की शिकवणं ऐकूच जात नाही, त्या वेळेसाठी चित्रकार्डांचा एक गठ्ठा वेगळा बांधून ठेवते मी.

एक भिंत मात्र कोरी सोडा, खरंच कोरी. पहिल्या दिवशी बोडकी वाटते, कुणीतरी विचारतंही की काम अर्धवट राहिलं का, पण जुलैपर्यंत पोरांची चित्रं लागून ती भरते आणि सगळ्यात जास्त गर्दी तिच्यासमोरच असते.

आणि दाराबाहेर चपलांसाठी रंगाने पावलांच्या जोड्या काढून घ्या, पटापेक्षा चार-पाच जास्तच, कारण अंगणवाडीतली धाकटी भावंडं मागोमाग येतातच.