उतारा वाढला की घटला? पिकांचे आकडे वाचताना या चुका टाळा

उलंगवाडी, म्हणजे कापसाची शेवटची वेचणी, झाल्यावर आमच्या भागातले एक काका वही घेऊन आले. "मला एकरी चार क्विंटल कापूस झाला आणि या तक्त्यात सरासरी हेक्टरी 335 किलो लिहिलंय. म्हणजे अडीच एकरांत साडेतीन क्विंटलही नाही? सगळं खोटं आहे हे!"

खोटं काहीच नव्हतं. काकांनी मोजला होता सरकीसकट, म्हणजे बियांसकट कापूस, तक्त्यात होती रुई, म्हणजे बिया काढलेला कापूस. एकरी चार क्विंटल म्हणजे हेक्टरी जवळपास दहा क्विंटल कापूस. जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी वेगळी करताना, त्यातली साधारण तिसरा हिस्सा रुई निघते, म्हणजे आकडा 335 च्या जवळच येतो. काका अगदी सरासरीवर होते. म्हणून आधी तीन गोष्टी विचारा: एकर की हेक्टर, कापूस की रुई, आणि रुईच्या दाबून बांधलेल्या गाठी असतील तर 170 किलोच्याच ना?

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र वेगळी आहे, सुरुवातीचं वर्ष चुकीचं धरण्याची. 1972 च्या दुष्काळापासून मोजायला लागलात तर महाराष्ट्रातलं जवळपास कुठलंही पीक वर चढताना दिसेल. भरघोस वर्षापासून मोजलं तर तेच पीक बसलेलं दिसेल. बीटी, म्हणजे जनुक बदललेल्या कापसाचंच बघा. परवानगी 2002 ची, आणि नेमकं तेच देशभर दुष्काळाचं वर्ष. देशाची रुईची उत्पादकता तेव्हा हेक्टरी 300 किलोच्या आसपास होती. पुढच्या पाच-सहा वर्षांत ती 550 च्या घरात गेली आणि अलीकडे 450 च्या आसपास उतरली. ही चढण सगळी बियाण्याची म्हणायची का? त्याच काळात पाऊस बरा झाला, गुजरातेत ओलित वाढलं, नवी कीटकनाशकं आली. आणि उतरणीत गुलाबी बोंडअळीचा मोठा वाटा आहे. 2017 च्या हंगामात विदर्भात तिने बोंडंच्या बोंडं पोखरली. फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही कापूस रानात उभा, ठेवणाऱ्यांनी तिला उन्हाळ्यापर्यंत घर दिलं, हेही सांगायला हवं. एका कारणावर सगळं ढकलणं सोपं असतं, पण त्याने पुढच्या हंगामाचा निर्णय चुकतो. उपाय साधा आहे: सुरुवातीला आणि शेवटी एकेक वर्ष न धरता तीन किंवा पाच वर्षांची सरासरी धरा.

खरीप ज्वारीची गोष्ट आणखी वेगळी. तिचं क्षेत्र सोयाबीनने आणि कापसाने खाल्लं. अशा वेळी हलक्या, मुरमाड रानात ज्वारी पेरणंच बंद झालं तर उरलेल्या रानांची सरासरी आपोआप वाढते, एकाही धुऱ्याच्या आत दाणा वाढलेला नसताना. उलटंही होतं: भारी जमीन सोयाबीनला गेली की ज्वारीची सरासरी पडते आणि दोष वाणाला दिला जातो. म्हणून उत्पादकतेशेजारी क्षेत्राचा रकाना वाचल्याशिवाय बोलू नका. आणि ज्वारीचा हिशेब नुसत्या दाण्यावर करू नका, कडबा धरा. ज्यांच्या गोठ्यात जनावरं आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको.

क्षेत्राच्या आकड्यातही एक सांधा आहे. 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः मोबाइलवरून आपल्या पिकाची नोंद करतो. त्याआधी ही नोंद, म्हणजे गाव नमुना बारा, तलाठी भरायचे. त्या वर्षाच्या अलीकडचे आणि पलीकडचे आकडे थेट जोडताना थोडं थांबा.

पीक कापणी प्रयोगात ठरलेल्या मापाच्या प्लॉटमधलं पीक कापून, तोलून हेक्टरी उतारा काढतात; तो तर स्वतः उभं राहून बघा. सोयाबीनचा प्लॉट साधारण 10 बाय 5 मीटरचा असतो, म्हणजे 50 चौरस मीटर. हेक्टर त्याच्या 200 पट. तराजूवर एक किलो इकडचा तिकडे झाला की हेक्टरी दोन क्विंटलचा फरक पडतो, आणि पीक विम्याची भरपाई अशाच वजनांवर ठरत आली आहे. माल ओला तोलला तर उतारा फुगतो. शेंगा वाळल्यात का, दोरी नीट ताणलीय का, कोपरा पडीत तर धरला नाही ना, हे तिथेच विचारायचं. नंतर विचारून उपयोग नसतो.

काकांच्या वहीत आता पाच रकाने आहेत: पेरणीची तारीख, वाण, किती पाऊस, कोरडवाहू की ओलित, आणि प्रत्येक वेचणीचं वजन. पहिल्या वेचणीसमोर त्यांनी स्वतःहून "दव होतं" असं लिहून ठेवलंय.