पहिला गेमिंग पीसी कमी बजेटमधे जोडताय? या चुका टाळा

पहिल्यांदा पीसी जोडणारा माणूस सगळ्यात आधी प्रोसेसर ठरवतो, इंटेलचा आय७ घेऊ का एएमडीचा रायझन ७ घेऊ यातच पंधरा दिवस जातात आणि शेवटी ग्राफिक्स कार्डला पैसेच उरत नाहीत. मी पण पहिल्या वेळेला हेच केलं होतं. गेमिंगसाठी करताय ना, मग उलटीकडून सुरुवात करा. मॉनिटर कुठला आहे किंवा घेणार आहात, कुठले गेम खेळणार आहात, त्यावरून कार्ड ठरवा आणि मग त्या कार्डाला पुरेल असा सहा कोअरचा प्रोसेसर बघा. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर १४० एफपीएस (सेकंदाला १४० फ्रेम) देणारं कार्ड लावलं तरी स्क्रीन सेकंदाला ६० वेळाच बदलणार, मग तेच पैसे मॉनिटरला लावलेले बरे. फक्त व्हॅलोरंट किंवा काउंटर स्ट्राइक खेळणार असाल तर गणित जरा बदलतं, कारण हे गेम प्रोसेसरवर जास्त लोड टाकतात.

कार्ड घेताना नुसतं नाव बघू नका. जीटी १०३० या एकाच नावाखाली दोन वेगळी कार्डं आहेत, एकात जीडीडीआर५ मेमरी आहे आणि दुसऱ्यात डीडीआर४, पहिल्याची मेमरी बँडविड्थ, म्हणजे डेटा ने-आण करायचा वेग, सेकंदाला ४८ जीबी आणि दुसऱ्याची फक्त १६.८, आणि हा फरक कळायला बॉक्सवरची बारीक अक्षरं वाचावी लागतात. आरएक्स ६५०० एक्सटीचंही असंच आहे. हे कार्ड पीसीआयईच्या, म्हणजे कार्ड आणि मदरबोर्ड जोडणाऱ्या मार्गाच्या, फक्त ४ लेन वापरतं, त्यामुळे जेन ४ (त्या मार्गाची चौथी पिढी) बोर्डावर ठीक चालतं पण बी४५० सारख्या जेन ३ बोर्डावर काही गेममधे बराच मार खातं. आणि गंमत म्हणजे बोर्ड बी५५० असला पण त्यावर रायझन ५ ५६००जी लावला तरी जेन ३च मिळतं, कारण तो प्रोसेसरच जेन ३ आहे.

सेकंडहँड कार्ड घ्यायला हरकत नाही, कमी बजेटमधे तोच चांगला मार्ग आहे असं माझं मत आहे, पण कार्ड पीसीत लावून अर्धा तास एखादा जड गेम चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. जुन्या कार्डाचं बायोस, म्हणजे त्याच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर, बदलून ते १०५० टीआय या त्याहून चांगल्या कार्डाच्या नावाने विकायचे प्रकार झालेत, जीपीयू-झेड हे फुकट सॉफ्टवेअर उघडलं की अशी बरीच बनावट कार्डं तिथेच पकडली जातात.

आता पॉवर सप्लाय, म्हणजे एसएमपीएस. इथे मी जरा जास्त बोलणार कारण लोक इथेच पैसे वाचवतात. बॉक्सवर मोठ्या अक्षरात ५०० वॉट लिहिलंय म्हणून घेतला, असं करू नका. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही १२ व्होल्टच्या लाईनवर चालतात, म्हणून बाजूच्या स्टिकरवर १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिलेत ते बघा आणि त्याला १२ ने गुणा. ३० अँपिअर असेल तर उत्तर ३६० वॉट येतं, म्हणजे ५०० वॉटच्या त्या सप्लायमधले तुमच्या कामाचे एवढेच, बाकीचे ३.३ आणि ५ व्होल्टच्या लाईनवर दाखवलेले, ज्यांची आजच्या पीसीला फारशी गरज नसते. ८० प्लसचा शिक्का चांगला, पण तो वीज किती वाया जात नाही एवढंच सांगतो, आतला माल कसा आहे ते सांगत नाही.

आणि हे मात्र नक्की लक्षात ठेवा: मॉड्युलर सप्लायच्या (ज्याच्या वायर काढता-लावता येतात) वायर एका कंपनीच्या दुसऱ्या कंपनीच्या सप्लायला लावायच्या नाहीत, कधी कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलच्या पण जुळत नाहीत. कनेक्टर बसतो, पण सप्लायच्या बाजूचा पिनांचा क्रम ठरलेला नसतो, त्यामुळे ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जातात आणि एसएसडी, हार्ड डिस्क क्षणात जळतात. आतला सगळा डेटा पण गेला. एक वायर कमी पडली म्हणून जुन्या खोक्यातली उचलून लावायची नाही, बस.

बोर्ड आणि प्रोसेसर जुळतात का ते सॉकेटवर, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागेच्या प्रकारावर, बघा. एएमडीच्या एएम५ सॉकेटच्या बोर्डात फक्त डीडीआर५ रॅम लागते, इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटचे बोर्ड मात्र दोन्ही प्रकारचे येतात, तर बोर्डाचं पूर्ण नाव वाचा. रायझन ५००० चे डेस्कटॉप प्रोसेसर नोव्हेंबर २०२० मधे आले, त्याआधीचं बायोस असलेला बी४५० बोर्ड त्यांना ओळखतच नाही, आधी अपडेट करावं लागतं. इंटेलच्या नावापुढे एफ असेल तर त्यात ग्राफिक्स नसतं, कार्ड नंतर घेऊ असा प्लॅन असेल तर तो घेऊ नका, डिस्प्लेच येणार नाही.

रॅम १६ जीबीची एक काडी घेण्यापेक्षा ८ च्या दोन घ्या, आणि चार स्लॉटच्या बोर्डात प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमधे लावा. मग बोर्डाच्या बायोसमधे जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅम तिच्या लिहिलेल्या वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करा. हे न केल्याने ३२०० ची रॅम वर्षभर २१३३ किंवा २४०० वर चालत राहते आणि माणसाला पत्ताच नसतो.

जोडताना केसमधे बोर्डाच्या खाली जे पितळी स्टँडऑफ (बोर्ड वर उचलून धरणारे छोटे खुंट) असतात ते बोर्डाच्या भोकांशी जुळवून घ्या, एखादा जास्तीचा राहिला तर मागून शॉर्ट होऊ शकतं. मागची आयओ शील्ड (बोर्डाच्या मागच्या पोर्टांभोवतीची पत्र्याची पट्टी) वेगळी आली असेल तर ती आधी बसवा. कूलरच्या तळाचं प्लास्टिक काढलं का ते दोनदा बघा. एएमडीच्या एएम४ सॉकेटवरचा जुना कूलर काढताना सरळ वर ओढू नका, प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट धरून ठेवते आणि प्रोसेसर सॉकेटमधून उपटून बाहेर येतो, पिना वाकतात. पीसी थोडा वेळ चालवून गरम करा, बंद करा, मग कूलर हलकेच पिळत काढा.

आता सगळं जोडलं आणि डिस्प्ले येत नाही. धाकट्या भावाचा पीसी जोडला तेव्हा हेच झालं, पंखे फिरतायत, लाईट लागतायत, स्क्रीन काळी. दोन रात्री गेल्या, बोर्ड परत करायचा म्हणून बॉक्समधे भरायला काढला होता. बऱ्याच बोर्डांवर चार छोटे एलईडी असतात, सीपीयू, डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स कार्ड) आणि बूट, जिथे अडचण आहे तिथला पेटलेला राहतो, त्यातला डीरॅमचा पहिल्या रात्रीपासून पेटलेला होता आणि आमचं तिकडे लक्षच गेलं नाही. बोर्डाच्या रॅम स्लॉटला लॅच एकाच बाजूला होता, दुसरी बाजू जरा वर राहिली होती. अंगठ्याने जोर देऊन दाबली, कट्ट आवाज आला, डिस्प्ले आला. भावाचा चेहरा मला अजून आठवतो.

म्हणून बोर्ड मेला असं ठरवायच्या आधी क्रमाने बघा. सप्लायचं मागचं बटण चालू आहे का. प्रोसेसरची ८ पिनची वायर वरच्या कोपऱ्यात लावली का, ती ४ अधिक ४ असते, कार्डाची ६ अधिक २ वाली वेगळी, जबरदस्तीने घुसवू नका. मॉनिटरची केबल कार्डातच लावली आहे का, कारण खूप जण चुकून बोर्डात लावतात. कुठला एलईडी पेटलाय. मग एकच रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमधे ठेवून बघा. तरी नाही तर मेन स्विच बंद करून बोर्डावरचा सीआर२०३२ सेल पाच मिनिटं काढून ठेवा, त्याने बायोसची सेटिंग मूळची होतात. डीडीआर५ असेल तर पहिल्यांदा चालू करताना रॅम ट्रेनिंगला (बोर्ड रॅम जुळवून घेतो त्याला) काही मिनिटं लागू शकतात, स्क्रीन काळी दिसली म्हणून मधेच बंद करू नका. काहीच हलत नसेल, पंखा पण नाही, तर केसच्या बटणाची वायर काढून बोर्डावरच्या त्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा. चालू झाला तर बिघाड बटणात किंवा त्याच्या वायरमधे आहे.

पीसी चालतोय पण पाच-दहा मिनिटांत गेम अडखळायला लागला तर तापमान बघा. प्रोसेसर लगेच ९० च्या वर जात असेल तर कूलर नीट बसला नाही किंवा ते प्लास्टिक राहिलंय. आणि नवा १४४ हर्ट्झचा मॉनिटर असूनही पूर्वीसारखंच वाटत असेल तर विंडोजच्या ॲडव्हान्स्ड डिस्प्ले सेटिंगमधे जाऊन बघा, बऱ्याचदा तिथे ६० च निवडलेलं असतं.