टीम चॅम्पियन झाली, आता सोलापुरात जल्लोष कसा करायचा

आधी एक गोष्ट डोक्यात फिट करा, आपली फुटबॉलची टीम चॅम्पियन होते तेव्हा सोलापूर झोपलेलं असतं. युरोपातल्या क्लबांची चॅम्पियन्स लीग, तिची फायनल 2025 पर्यंत आपल्याकडं बऱ्याचदा रात्री साडेबाराला सुरू व्हायची, नव्वद मिनिटात निकाल लागला तरी अडीच वाजायचे आणि एक्स्ट्रा टाईम, पेनल्टी झाल्या तर तीन वाजून जायचे. इंग्लंडची प्रीमियर लीग त्यातल्या त्यात माणसात येते पण तिथंही रविवारची मोठी मॅच नऊला सुरू होऊन अकराच्या आसपास संपणार. त्यात एप्रिल-मे म्हणजे आयपीएल, म्हणजे घरातला टीव्ही तुमचा नाही, गल्लीत फुटबॉल बघणारी टाळकी पाच-सहा आणि बाकीच्यांना लिव्हरपूल हे टीमचं नाव आहे का टॉनिकचं इथून सुरुवात. त्यामुळं मुंबई-पुण्यातल्या पबचे व्हिडिओ बघून तसलं काही करायला जाऊ नका, आपल्याकडं जल्लोष दोन हप्त्यात करायचा. रात्रीचा हप्ता गपगुमान, गच्चीवर, आपल्या आपल्यात. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळचा हप्ता दणक्यात, सगळ्या गल्लीला घेऊन.

मी लिव्हरपूलवाला आहे त्यामुळं उदाहरणं तिथलीच येणार, तुम्ही तुमची टीम घाला.

आधी गणित, मग गुलाल

प्रीमियर लीगमध्ये फायनल नसते, ज्याचे पॉइंट जास्त तो चॅम्पियन, त्यामुळं कुठल्या दिवशी जिंकणार हे आधी आपणच काढून ठेवावं लागतं. सोपं आहे. दुसऱ्या नंबरच्या टीमचे आत्ताचे पॉइंट घ्या, त्यांच्या उरलेल्या मॅचला तीनने गुणा (एक मॅच जिंकली की तीन पॉइंट), बेरीज करा, आपले पॉइंट त्याच्या पुढं गेले की विषय संपला. 2025 च्या एप्रिलमध्ये आर्सेनलचे 34 मॅचमध्ये 67 होते, उरल्या चार, म्हणजे जास्तीत जास्त 79. लिव्हरपूलचे 33 मॅचमध्येच 79 झालेले. म्हणजे 27 एप्रिलला टॉटनहॅमबरोबर नुसती बरोबरी जरी झाली तरी कप आपला, आणि झालं काय तर 5-1. हे गणित कागदावर मांडून घरच्यांना आधीच दाखवून ठेवा, म्हणजे त्या रात्री "कसली फायनल, अजून तर मॅचा बाकी आहेत म्हणालास की" असली चौकशी होत नाही.

आणि हे पण लक्षात ठेवा की कप आपण खेळत नसताना पण येऊ शकतो. 2020 ला 25 जूनला चेल्सीनं मँचेस्टर सिटीला 2-1 हरवलं आणि 30 वर्षांनी लीग लिव्हरपूलकडं आली, लिव्हरपूलवाले त्या दिवशी मैदानात नव्हतेच. आपल्याकडं तेव्हा मध्यरात्र उलटून गेलेली, वर कोरोना. तेव्हा नुसती आपली मॅच नाही, वरच्या दोन टीमच्या सगळ्या मॅचच्या वेळा फोनमध्ये टाकून ठेवा.

पण गणित मांडायचं म्हणजे केक आणि फ्लेक्स आधी सांगून ठेवायचा असं नाही हां. 2014 ला हाच 27 एप्रिल, हेच अ‍ॅनफिल्ड म्हणजे लिव्हरपूलचं मैदान, आपला कॅप्टन जेरार्डचा पाय घसरला, चेल्सीनं 2-0 नं मारलं आणि हातात आलेली लीग गेली. 2019 ला 97 पॉइंट करून दुसरे, सिटीचे 98. फ्लेक्सवाल्याला आधी नुसतं डिझाईन द्यायचं, प्रिंट निकाल लागल्यावर. यात अंधश्रद्धा काही नाही, पैसे वाया जातात एवढंच.

रात्रीचा हप्ता

मॅच कुठं बघायची हे आधी ठरवा. आयपीएलमुळं टीव्ही मिळणार नाही हे धरूनच चाला, जुना मॉनिटर किंवा कुणाचा तरी प्रोजेक्टर आणि गच्चीची पांढरी भिंत बेस्ट. फक्त सगळ्यांनी एकाच स्क्रीनवर बघायचं. अ‍ॅपवरची मॅच केबलपेक्षा मागं असते, कधी कधी चांगली अर्धा मिनिट, त्यामुळं खालच्या मजल्यावर कुणी केबलवर बघत असेल तर त्याची आरोळी आधी आणि तुमचा गोल नंतर. फोनच्या नोटिफिकेशन बंद करा, सगळ्यांच्या, एकाचा जरी चालू राहिला तरी मजा गेली. आणि व्हीएआरचं, म्हणजे व्हिडिओ बघून रेफरीचा निर्णय तपासतात त्याचं, भान ठेवा, त्या टॉटनहॅमच्या मॅचला लुईस डियाझचा गोल आधी ऑफसाईड दिलेला आणि मग तपासून गोल दिला, म्हणजे जीव दोनदा वरखाली. आमच्यात नियम आहे, लाईन्समन आणि स्क्रीन दोन्हीकडं बघूनच उड्या मारायच्या.

गच्ची संध्याकाळीच धुवून घ्या, दिवसभर तापलेली फरशी रात्री नऊला पण पायाला चटका देते, दोन बादल्या पाणी मारून सतरंजी टाकली की बसता येतं. पण पाणी मारायच्या आधी नळाचा दिवस कधी आहे ते बघा, आपल्याकडं रोज न येणारं पाणी गच्चीवर ओतताना आईनं बघितलं तर मॅच तिथंच संपली. पाण्याचा दिवस लांब असेल तर नुसती सोलापुरी चादर डबल घडी करून टाका.

खायचं सामान असं पाहिजे की गॅसपाशी उठावं लागू नये. हाफ टाईम पंधरा मिनिटांचाच असतो, त्यात खाली जाऊन कांदा चिरत बसलात तर सेकंड हाफचा पहिला गोल हुकणार. कडक भाकरी, शेंगा चटणी, दही, कच्चा कांदा. झालं. भाकरी हातानं मोडायची, चटणीत थोडं दही कालवायचं, कुरुम कुरुम आवाज कॉमेंट्रीच्या वर जातो तेवढं सोडलं तर यासारखं मॅचचं खाणं नाही, चार दिवस आधी आणून ठेवलं तरी बिघडत नाही. गरम पाहिजेच असेल तर मॅचच्या आधी पार्क चौपाटीला चक्कर मारून डिस्को भजी हाणून या, मॅच चालू झाल्यावर कुणालाही पार्सलला पाठवायचं नाही, पाठवलेला माणूस गोल झाल्यावरच परत येतो.

आता खरा प्रश्न, शेवटची शिट्टी वाजली, मग काय? ओरडायचं, नाही ओरडलं तर कशाला बघितली मॅच, पण एकदाच, मनसोक्त, मिठ्या मारून, आणि मग गप. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर आणि आवाजाचे फटाके दोन्हीला कायद्यानं बंदी आहे आणि शेजारचे काका "कशाला बोंबललालास बे एवढ्या रात्री" म्हणत गॅलरीत आले तर त्यांचं काही चुकत नाही. त्यांना दुपारीच सांगून ठेवायचं, काका आज रात्री अकराला एकदा आवाज येईल, घाबरू नका, कुणाला काही झालेलं नाही. सांगून ओरडलं की लोक ऐकून घेतात, वर विचारतात पण, जिंकले का रे तुमचे ते.

गाड्या काढायच्या नाहीत. ट्रिपल सीट, झेंडा मागच्याच्या हातात, सात रस्त्यापर्यंत एक राऊंड, हे सगळ्यांच्याच डोक्यात येतं त्या वेळी. झेंडा चाकात जातो किंवा चालवणाऱ्याच्या तोंडावर येतो, आणि पुढं नाकाबंदी असली तर जल्लोष चलनावर संपतो. 2025 च्या 26 मेला लिव्हरपूलच्या मिरवणुकीत वॉटर स्ट्रीटवर गर्दीत कार घुसली आणि शंभरावर माणसं जखमी झाली. नाचणारी माणसं आणि गाडी एका रस्त्यावर नको, गल्लीत पण नको.

स्कार्फचं काय करायचं

हा विषय वेगळा काढतोय कारण दरवेळी कुणीतरी ऑनलाईन लोकरीचा स्कार्फ मागवतो. तिकडं अ‍ॅनफिल्डला थंडी असते, ते दोन्ही हातांनी स्कार्फ डोक्यावर ताणून धरतात आणि गातात, दिसायला एक नंबर. आपल्याकडं एप्रिलच्या शेवटी पारा चाळीसच्या वर, गळ्यात लोकर घालून काय शिजायचंय का? अरे टॉवेलच्या गावात राहतो आपण. लाल टेरी टॉवेल घ्या, अंगाचा मोठा नको, हाताचा पण नको, मधला जो लांबट येतो तो, आणि एम्ब्रॉयडरीवाल्याकडून पांढऱ्या दोऱ्यानं टीमचं नाव आणि साल टाकून घ्या. अक्षरं मोठी आणि कमी सांगा, टेरीच्या फुलात बारीक अक्षर बुडून जातं, दिसतच नाही. डोक्यावर ताणला की स्कार्फसारखाच दिसतो, घाम पुसता येतो, नाचताना गरागरा फिरवता येतो, आणि जल्लोष झाल्यावर आंघोळीला. फक्त नवा लाल टॉवेल पहिल्या धुण्याला एकटाच धुवायचा, नाहीतर बाबांचे बनियन सगळे लिव्हरपूलचे होतात.

जर्सी पण पॉलिस्टरची असते, आत कॉटनचा बनियन घाला, अंगाला चिकटत नाही.

दुसऱ्या दिवशीचा दणका

सकाळी पहिलं काम पेढे. ऑफिसला, कॉलेजला, दुकानावर जिथं जाता तिथं जर्सी घालून जायचं आणि कुणी विचारायच्या आत हातात पेढा ठेवायचा. "कशाचे रे, नोकरी लागली का लग्न ठरलं" हे दिवसभर ऐकावं लागतं, त्याचं उत्तर एका वाक्यात तयार ठेवा: इंग्लंडची लीग जिंकली, विसाव्यांदा. कोच अर्ने स्लॉटचा पहिलाच सीझन होता वगैरे पुढची माहिती मागितल्याशिवाय द्यायची नाही, पेढा तोंडात असलेला माणूस पळून जाऊ शकत नाही म्हणून त्याचा फायदा घेऊ नये.

फ्लेक्स सकाळीच प्रिंटला टाका. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवला तर दाबला जातो आणि मोठा केल्यावर फुटतो, लिव्हरपूलच्या सालाहचं तोंड चौकोन चौकोन दिसतं, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मजकूर आपल्या पद्धतीनंच पाहिजे, वर "हार्दिक अभिनंदन", मधे सालाह, व्हॅन डायक, अ‍ॅलिसन आणि खाली शुभेच्छुक म्हणून गल्लीतली सगळी पोरं गॉगल घालून. याच्यात आपलं सोलापूर दिसतं, इंग्रजी डिझाईन उचलून लावण्यात काय मजा. चौकात लावायचा तर महापालिकेची परवानगी लागते, नसेल घ्यायची तर आपल्या घराच्या कंपाऊंडला आतून लावा, तेवढंच पुरे.

संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ, ऊन उतरल्यावर, लेझीम. गणपतीच्या मिरवणुकीत सोलापूरची लेझीम अशी असते की बघणाऱ्याचे पाय आपोआप हलतात, मंडळाच्या पोरांकडं लेझीम पडूनच असतात, हलगीवाल्याला दोन तासाची सुपारी द्या आणि गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. डीजे नको. डीजे लावला की पोरं नाचतात आणि घरातली बाकीची माणसं दारं लावून घेतात, हलगी वाजली की म्हातारी माणसं पण कट्ट्यावर येऊन बसतात आणि एखादी मावशी पोराच्या हातातली लेझीम काढून घेऊन दाखवते कशी खेळायची ते. रस्त्यावर मिरवणूक न्यायची असेल तर पोलीस स्टेशनला आधी अर्ज, गल्लीतल्या गल्लीत असेल तरी बीटच्या हवालदाराला सांगून ठेवलेलं बरं. घोषणा काय द्यायच्या त्या द्या, फक्त "हर्र बोला हर्र" ते गड्ड्याच्या यात्रेचं, सिद्धरामेश्वरांचं आहे, ते तिथंच ठेवा, सालाहला नको.

गुलाल उधळायचा तर लाल, कोरडा, डोळे सांभाळून, आणि परत तेच, नळाच्या पाण्याचा दिवस बघून. पाणी यायला तीन दिवस असताना डोक्याला गुलाल म्हणजे तीन दिवस तसंच फिरायचं.

युनायटेडवाल्याचं काय

मँचेस्टर युनायटेडवाल्याला बोलवायचंच. तो नसेल तर चिडवायचं कुणाला. 2025 ला दोघांच्या लीग 20-20 झाल्या, बरोबरी, त्याला पेढा दोन द्या. आर्सेनलवाल्याला 2023 ते 2025 सलग तीन सीझन दुसरा नंबर यावरून जेवढं बोलायचं तेवढं बोला, त्याला सवय आहे. पण एक रेघ आहे. हिल्सबरोच्या मैदानात 1989 मध्ये जी चेंगराचेंगरी झाली त्यात लिव्हरपूलची 97 माणसं गेली, 1958 च्या म्युनिकच्या विमान अपघातात 23 गेली त्यात युनायटेडचे आठ खेळाडू होते. यावरून जोक नाही, ग्रुपवर पण नाही, कुणी टाकला तर अ‍ॅडमिननं तिथंच उडवायचा.

हिशोब त्याच रात्री करून टाका. पेढे, हलगी, फ्लेक्स, गुलाल, सगळं लिहून ग्रुपवर टाकायचं आणि क्यूआर कोड लगेच त्याच्याखाली, कारण जिंकल्याचा जोर दोन दिवस टिकतो, तिसऱ्या दिवसापासून लोक "बघतो की" म्हणायला लागतात. फ्लेक्स आठवड्याच्या आत उतरवा, उन्हानं सालाह पांढरा पडायच्या आत, आणि फेकू नका, कडेची पट्टी न काढता गुंडाळून ठेवा, जूनमध्ये पाऊस आला की गच्चीवरच्या मॉनिटरवर, गाडीवर, कुठंही टाकायला होतो. लिहिलेली बाजू खाली, नाहीतर युनायटेडवाला फोटो काढून ग्रुपवर टाकेल.