घरची पुढची गाडी इलेक्ट्रिक घ्यायची तर आधी पार्किंग, मग शोरूम

आमची पेट्रोल हॅचबॅक बारा वर्षांची झाली आणि घरात नव्या गाडीचा विषय निघाला. पहिल्याच रविवारी आम्ही तीन शोरूम पालथी घातली. रेंज किती (म्हणजे एकदा भरल्यावर गाडी किती किलोमीटर धावते), सनरूफ आहे का, मॅट रंगात मिळेल का, सगळं विचारून झालं. रात्री जेवताना सासूबाईंनी सहज विचारलं, "अगं, पण ही गाडी लावायची कुठे? खाली तर साधा बल्बसुद्धा धड नाही." तीन शोरूममधल्या एकाही माणसाने हा प्रश्न काढला नव्हता. पुढचे दोन महिने मग आम्ही उलट्या क्रमाने काम केलं. तोच क्रम इथे देते आहे.

आधी नावाचा घोळ मिटवू. आपल्याकडे जिला सर्रास एसयूव्ही म्हणतात ती बहुतेक वेळा क्रॉसओव्हर असते, म्हणजे कारच्याच सांगाड्यावर बांधलेली, थोडी उंच गाडी. पंच, नेक्सॉन, क्रेटा, विंडसर, कर्व्ह, महिंद्राची बीई ६ हे सगळं त्याच गोतावळ्यातलं. इलेक्ट्रिकमध्ये हा आकार सोयीचा पडतो, कारण बॅटरी गाडीच्या तळाशी पसरायला जागा मिळते आणि गाडी खड्ड्यांपासून वरही राहते.

पहिली पायरी : टेप घेऊन पार्किंगमध्ये जा

आपल्या पार्किंगच्या जागेपासून मीटररूमपर्यंत केबल ज्या वाटेने जाईल ती वाट मोजा. सरळ रेषेत मोजून उपयोग नाही, खांब आणि बीम धरून मोजा. आमचं अंतर बघताना वीस मीटर वाटलं, प्रत्यक्षात अडतीस भरलं.

मग वीजबिल काढा आणि 'मंजूर भार' हा रकाना बघा. घरी चार्जिंगचे दोन मुख्य मार्ग आहेत. एक, गाडीबरोबर येणारा साधा चार्जर, जो १५ अँपिअरच्या पॉवर प्लगला लागतो आणि तासाला ढोबळमानाने ३ युनिट भरतो. दुसरा, भिंतीवरचा ७.२ किलोवॅटचा चार्जर. ४५ किलोवॅट-अवरची बॅटरी म्हणजे सरळ हिशेबात ४५ युनिटची टाकी. ती पहिल्या मार्गाने तळापासून भरायला चौदा-पंधरा तास लागतात, दुसऱ्याने साडेसहा-सात. घराचा मंजूर भार ३ किंवा ५ किलोवॅट असेल, तर ७.२ चा चार्जर लावण्याआधी भार वाढवून घ्यावा लागतो किंवा गाडीसाठी वेगळी जोडणी मागावी लागते. चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी मागण्याची सोय केंद्राच्या वीजग्राहक नियमांमध्ये २०२४ पासून स्पष्ट लिहिलेली आहे. वेगळं मीटर घेतल्याचा एक फायदा असा की गाडीचे युनिट घरच्या बिलात मिसळून तुम्हाला वरच्या स्लॅबमध्ये ढकलत नाहीत.

सोसायटीला तोंडी विचारू नका. केबलची वाट, एमसीबीचा (भार जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या बटणाचा) अँपिअर, मीटर कुणाच्या नावावर आणि खर्च कोण करणार, हे चार मुद्दे लिहून पत्र द्या. आमच्या कमिटीत 'आग लागली तर?' हा प्रश्न आलाच. त्यावर वाद घालण्यापेक्षा परवानाधारक ठेकेदाराचा आराखडा पुढे ठेवला, तेव्हा काम हललं.

आता अर्थिंग. यावर जरा थांबते, कारण सगळ्यात जास्त ताप इथेच होतो. आमच्या वायरमनने मल्टिमीटरचा एक प्रोब न्यूट्रलला आणि दुसरा अर्थला लावला, आकडा बघितला आणि नुसती मान हलवली. जुन्या इमारतीचं अर्थिंग वाळून गेलं होतं. मिक्सर आणि फ्रिज अशा अर्थिंगवर वर्षानुवर्षं चालतात. गाडीचा चार्जर मात्र लाल दिवा लावून गप्प बसतो, आणि तो बरोबरच करतो. शेवटी पार्किंगच्या कोपऱ्यात खड्डा घेऊन, कोळसा-मीठ भरून नवीन अर्थिंग केलं. ३२ अँपिअरच्या, म्हणजे त्या ७.२ किलोवॅटच्या चार्जरला किमान ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल लागते. अंतर जास्त म्हणून आम्ही १० ची टाकली. एमसीबीबरोबर आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारं बटण, हवंच. "साहेब, एक्स्टेन्शन बोर्डावर पण चालतं" असं कुणी म्हटलं तर त्याला चहा पाजून निरोप द्या.

पार्किंगमध्ये प्लग मिळणारच नसेल, तर मी तरी इलेक्ट्रिक घेऊ नका असंच म्हणेन. फक्त सार्वजनिक चार्जरवर घरची गाडी चालवता येते, पण ती रोजची कटकट असते आणि तिथला युनिटचा दर घरच्यापेक्षा बराच चढा असतो.

दुसरी पायरी : महिनाभर किलोमीटर लिहा

जुन्या गाडीत वही ठेवा. रोज संध्याकाळी मीटरचा आकडा लिहायचा, एवढंच. आमचं रोजचं धावणं ३८ ते ४५ किलोमीटर निघालं. एवढ्याला १५ अँपिअरच्या प्लगवर रात्रीचे तीन तास पुरतात. म्हणजे रोजच्यासाठी मोठी बॅटरी लागतच नव्हती. ती लागणार होती वर्षातल्या चार-पाच प्रवासांसाठी. वहीच्या शेवटच्या पानावर तेच लिहा: गणपती, दिवाळी, मे महिना, लग्नसराई. कुठून कुठे, किती माणसं, मध्ये घाट किती.

तिसरी पायरी : माहितीपत्रकातली रेंज रस्त्यावर आणा

माहितीपत्रकातला आकडा प्रयोगशाळेतल्या ठरावीक चाचणीचा असतो. दोन गाड्यांची तुलना करायला तो ठीक आहे, पण गावाला जायचं त्यावरून ठरवू नये. उदाहरण घ्या. ४५ किलोवॅट-अवरच्या नेक्सॉनचा प्रमाणित आकडा ४८९ किलोमीटर, आणि कंपनी स्वतःच प्रत्यक्षातला अंदाज ३५० ते ३७० सांगते. हा प्रामाणिकपणा मला आवडला. हायवेवर शंभरच्या वेगाने, एसी लावून, पाच माणसं आणि सामान घेऊन निघालात तर मी तीनशेच धरते. वेग हा मुख्य चोर आहे. शंभरऐवजी पंच्याऐंशीने गेलात तर काटा लक्षात येण्याइतका सावकाश उतरतो.

हे तीनशेसुद्धा पूर्ण वापरायचे नसतात. घरून १०० टक्के भरून निघालात आणि १५ टक्क्यांवर थांबलात, तर पहिला टप्पा २५५ किलोमीटरचा. वाटेतल्या फास्ट चार्जरवर मात्र ८० टक्क्यांपर्यंतच भरायचं, कारण पुढे चार्जिंगचा वेग एकदम मंदावतो आणि शेवटच्या वीस टक्क्यांसाठी उगाच ताटकळावं लागतं. ८० ते १५ म्हणजे दुसरा टप्पा १९५ किलोमीटरचा. दुसरा टप्पा पहिल्यापेक्षा लहान असतो, हे कुठल्याही शोरूममध्ये आम्हाला कुणी सांगितलं नाही.

आमची खरी परीक्षा म्हणजे पुणे ते चिपळूण, कराडच्या अलीकडून पाटण आणि कुंभार्ली घाटाने. साधारण २४० किलोमीटर. जाताना घाट उतरणीचा, त्यामुळे काटा उलट थोडा वर सरकतो आणि मुलं टाळ्या वाजवतात. येताना तोच घाट वसुली करतो. माणसं आणि सामान धरून गाडी दोन टनांची समजा. ती ६०० मीटर वर चढवायला नुसत्या उंचीपोटीच सव्वातीन युनिट लागतात, म्हणजे सपाटीवरचे वीसेक किलोमीटर गेले. हा हिशेब खंडाळ्यालाही लावता येतो आणि आंबोलीलाही. सामानाची काळजी करण्यापेक्षा चढाची करा.

मग ॲपमध्ये वाटेवरचे चार्जर बघा, आणि प्रत्येक थांब्यावर एक नाही, दोन पर्याय धरा. गेल्या पावसाळ्यात एका हॉटेलच्या आवारातला चार्जर ॲपमध्ये हिरवा दिसत होता. पोचलो तर मॅनेजर म्हणाला, "मॅडम, आमची लाइट सकाळपासून नाही." पुढचा चार्जर ३५ किलोमीटरवर होता आणि आमच्याकडे ६० शिल्लक होते, म्हणून निभावलं. आणखी एक गोष्ट. '६० किलोवॅट, दोन गन' (गन म्हणजे गाडीत खुपसायचा चार्जरचा प्लग) अशी पाटी असेल आणि दुसरी गाडी आधीच लागलेली असेल, तर तुम्हाला बहुधा तीसच मिळतात. अर्ध्या-पाऊण तासाचं काम दीड तासावर जातं. मिसळ खाऊन, चहा पिऊन, लघुशंका उरकूनही तासभर उरतो.

चौथी पायरी : बॅटरीची जात आणि कागदपत्रं

दोन जाती बाजारात आहेत. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) दणकट आणि उष्णतेला सोशीक. ती अधूनमधून पूर्ण शंभर टक्के भरावी असंच कंपन्या सांगतात. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) त्याच वजनात जास्त युनिट साठवते, पण रोज ८० टक्क्यांवर थांबलेली बरी. नेक्सॉन आणि बीई ६ मध्ये एलएफपी आहे, क्रेटा इलेक्ट्रिकमध्ये एनएमसी. यापैकी एकीमुळे गाडी बाद करावी असं काही नाही, फक्त आपल्या सवयी कुठल्या जातीशी जुळतात ते बघा.

बॅटरीची हमी साधारण ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर असते. कागद स्वतः वाचा आणि तीन गोष्टींवर खूण करा: क्षमता किती टक्क्यांखाली गेली तर बदलून मिळेल, गाडी विकली तर हमी नव्या मालकाला जाते का, आणि पाण्यात बुडाली तर काय. आयपी६७ म्हणजे बॅटरीची पेटी एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरते एवढंच. तुंबलेल्या भुयारी मार्गात गाडी घालायचा तो परवाना नव्हे.

सप्टेंबर २०२४ मध्ये एमजीने विंडसर आणली तेव्हा बॅटरीशिवाय ९.९९ लाख आणि वर किलोमीटरला साडेतीन रुपये भाडं, असा मार्ग दिला. सुरुवातीची किंमत बघून हुरळून जाऊ नका. महिन्याला १,२०० किलोमीटर म्हणजे ४,२०० रुपये भाडं, विजेचे वेगळे.

पाचवी पायरी : अख्खं घर गाडीत बसवा

पेट्रोल गाडीचाच सांगाडा घेऊन खाली बॅटरी बसवलेली असेल, तर मागची जमीन वर येते आणि मागे बसणाऱ्याचे गुडघे उचलले जातात. पाच मिनिटांत ते कळत नाही, तासाभराने मांड्या बोलायला लागतात. आम्ही सासूबाईंना मागे बसवून पाऊण तास फिरवलं. एक गाडी त्यांनी उतरल्या उतरल्या नापास केली. "दिसायला छान आहे गं, पण मला चौरंगावर बसल्यासारखं झालं."

डिकीत स्टेपनी आहे का बघा. अनेक इलेक्ट्रिक गाड्यांत तिच्या जागी नुसतं पंक्चर किट असतं. टायरची कड फाटली तर ते किट काहीच करू शकत नाही. भारत एनकॅपचे, म्हणजे सरकारी धडक-चाचणीचे तारे बघा, विशेषतः मुलांच्या सुरक्षेचे वेगळे गुण. पाच माणसं बसवून स्वतःच्या सोसायटीच्या गतिरोधकावरून गाडी न्या, शोरूमच्या गुळगुळीत रस्त्यावर काय कळणार.

सहावी पायरी : पैशाचा हिशेब

शहरात लिटरला १३ किलोमीटर आणि पेट्रोल १०५ रुपये धरलं, तर किलोमीटरला आठ रुपये. इलेक्ट्रिकला चार्जिंगची गळती धरून युनिटमागे साडेपाच-सहा किलोमीटर आणि युनिट १२ रुपये धरलं, तर दोनच्या आसपास. म्हणजे किलोमीटरमागे सहा रुपये वाचले. इलेक्ट्रिकला चार लाख जास्त मोजले असतील, तर महिन्याला १,२०० किलोमीटर चालवणाऱ्याचे पैसे पावणेपाच वर्षांत वसूल होतात. महिन्याला ५०० चालवणाऱ्याला अकरा वर्षं लागतात! अशा माणसाने पेट्रोल गाडीच ठेवावी, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

बाकीचं झटपट. इलेक्ट्रिकवर जीएसटी ५ टक्केच आहे, पण २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्या १८ टक्क्यांवर आल्याने किमतीतलं अंतर पूर्वीइतकं अनुकूल राहिलेलं नाही. थर्ड पार्टी विम्यात १५ टक्के सवलत आहे. कर्जाच्या व्याजावरची आयकराच्या ८०ईईबी कलमाची वजावट ३१ मार्च २०२३ नंतर मंजूर झालेल्या कर्जांना नाही, सेल्समन काहीही सांगो. महाराष्ट्राच्या २०२५ च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतूवर टोलमाफी आहे. फास्टॅगमध्ये गाडी इलेक्ट्रिक म्हणून नोंदली आहे ना, ते मात्र आपणच बघायचं. विमा घेताना बॅटरी आणि चार्जर दोन्ही धरलेत का विचारा.

सातवी पायरी : गाडी ताब्यात घेताना

हार-पेढे नंतर. आधी चार्जिंगचं झाकण उघडा, बरोबर आलेला चार्जर डब्यातून काढून तिथेच एकदा लावून बघा आणि पडद्यावर युनिट चढताना दिसू द्या. सार्वजनिक फास्ट चार्जरवरही डीलरच्या माणसासमोर दहा मिनिटं लावा. आमच्या गाडीचं झाकणाचं कुलूप अडकत होतं, ते तिथेच सापडलं. गाडीतल्या छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीची जागा विचारून घ्या. ती मेली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही रिमोटने दार उघडत नाही. मग हिरव्या नंबरप्लेटसमोर नारळ फोडा, चाकाखाली लिंबू ठेवा आणि घरी येऊन पहिल्याच रात्री आपल्याच प्लगला लावा. आम्ही सगळे रात्री साडेदहाला जेवण सोडून खाली उभे होतो, वायरमनसकट, त्या हिरव्या दिव्याकडे बघत.