घरी फेस शील्ड बनवताय? या चुका टाळा

मार्च २०२०च्या अखेरीस करोनामुळे टाळेबंदी लागली आणि ज्याच्या घरी कात्री होती तो फेस शील्ड बनवायला बसला. आम्हीही बसलो. पहिले चाळीस नग एका रुग्णालयात दिले आणि दोन दिवसांत निम्मे परत आले. टेबलावर झकास दिसत होते. भानगड झाली ती डोक्यावर चढल्यावर.

"दादा, यातून शीर दिसत नाही हो," सिस्टर म्हणाल्या. चूक शीटची होती. इंकजेट प्रिंटरसाठीच्या ओएचपी शीटला (प्रोजेक्टरवर लावायची पारदर्शक शीट) एका बाजूने शाई धरणारा लेप असतो. ओल लागली की तो चिकट आणि धुरकट होतो. दुकानातच ओलं बोट दोन्ही बाजूंनी घासून बघा, चिकटलं तर घेऊ नका. काही शीटवर पातळ संरक्षक फिल्म असते, तीही सोलायची राहते. हसू नका, आमच्या सहा नगांवर राहिली होती. जाडी १७५ ते २५० मायक्रॉन बरी. १००ची शीट पंख्याखाली फडफडते.

मापात सगळेच फसतात. ए-फोर कागदाच्या मापाची शीट उभी लावली तर रुंदी २१ सेंमी, म्हणजे कानांकडची बाजू उघडी. आडवी लावली तर कडा कानांपर्यंत पोचतात, पण उंची तेवढीच २१ सेंमी. पट्टी कपाळावर जरा वर सरकली की हनुवटी बाहेर. रोलमधून साधारण ३३ बाय २४ सेंमीचा तुकडा कापा आणि खालचे कोपरे गोल करा. त्याहून लांब केलं तर रुग्णावर वाकताना खालची कड छातीला अडते आणि शील्ड वर उचललं जातं.

वाफ धरते म्हणून लोक शीटला भोकं पाडतात. ते करू नका. कपाळाचा फोम अडीच-तीन सेंमी जाड घ्या, म्हणजे चष्मा आणि एन-९५ला जागा राहते. बहुतेकदा वाफ येते ती मास्कच्या वरच्या कडेतून. नाकावरची तार नीट दाबली की निम्मी तक्रार संपते. (मास्कशिवाय नुसतं शील्ड घालून कुणी काम करू नये, हे वेगळं सांगायला नको.) फोम मात्र गादीतला स्पंज नको. तो घाम पितो आणि आतून निर्जंतुक होत नाही. ईव्हीए फोम (रबरासारखा, पाणी न पिणारा) पुसता येतो. स्पंजच मिळाला तर ते शील्ड एकदाच वापरायचं.

इलॅस्टिक घट्ट बसवलं की तासाभरात डोकं ठणकतं. बटणाची भोकं असलेलं इलॅस्टिक वापरा आणि ते कानांच्या वरून न्या, खाली स्टेथोस्कोप असतो. स्टेपलरच्या पिनांची टोकं बाहेरच्या बाजूला ठेवून वर टेप मारा. ती हातमोजे फाडतात आणि केसांतही अडकतात.

थ्रीडी प्रिंटिंगचा मोह अनेकांना झाला. चेक प्रजासत्ताकातल्या प्रुसा कंपनीने मार्च २०२०मध्ये आपला आराखडा सर्वांसाठी खुला केला आणि तो जगभर छापला गेला. पण एक पट्टी छापायला तास-दोन तास जातात, फोमचं शील्ड दहा मिनिटांत होतं. छापलेल्या थरांच्या खाचांत घाण बसते ती वेगळीच. त्यातून छपाईला सर्रास वापरतात ते पीएलए प्लास्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. विदर्भातल्या मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेली पट्टी वाकडीच हाती येणार. छापायचंच तर जास्त उष्णता सोसणारं पीईटीजी प्लास्टिक घ्या.

अ‍ॅक्रिलिकवर सॅनिटायझर चोळला की बारीक तडे जातात. पीईटी (पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक) शीटला तो त्रास नाही. हायपोक्लोराइटने पुसलंत तर नंतर साध्या पाण्यानेही पुसा, नाहीतर पांढरट थर राहतो.

दुसऱ्या खेपेला एकच नग नेला, सिस्टरनी तो पाळीभर घातला, मगच बाकीचे कापले. तरी एक मागणी आलीच: पीपीई किट (अंगभर संरक्षक पोशाख) चढवल्यावर कोण कोण ते कळत नाही, नावाला जागा ठेवा. कपाळावर कागदाची पट्टी लावली. मार्करने थेट शीटवर लिहिलेलं नाव सॅनिटायझरने पुसून जातं, म्हणून कागदावर लिहून वर पारदर्शक टेप.