एम्पायर स्टेट बिल्डिंग कशी पाहावी

न्यू जर्सीत मुलाकडे किंवा लेकीकडे आलेले आई-वडील एक दिवस न्यू यॉर्कसाठी राखून ठेवतात आणि त्या दिवसाच्या यादीत एम्पायर स्टेट बिल्डिंग असतेच. रांगेत उभे राहायचे, लिफ्टने ८६ व्या मजल्यावर जायचे, चारही दिशांची छायाचित्रे काढायची आणि उतरायचे, असा बहुतेकांचा क्रम असतो. या क्रमात शहर दिसते, पण इमारत पाहायची राहूनच जाते, कारण साऱ्या मॅनहॅटनमध्ये जिथून एम्पायर स्टेट दिसत नाही अशी हमखास जागा म्हणजे तिची स्वतःची गच्ची. म्हणून माझा आग्रह असा की, ही इमारत बाहेरून आत आणि खालून वर अशी पाहावी, आणि वर जाणे शेवटी ठेवावे.

सुरुवात नदीपलीकडून करावी. न्यू जर्सीच्या बाजूने होबोकनचा नदीकाठ किंवा वीहॉकेनमधील हॅमिल्टन पार्क, आणि पूर्वेकडून क्वीन्समधील गँट्री प्लाझा स्टेट पार्क, या तिन्ही जागा उत्तम आहेत आणि तिथे तिकीट लागत नाही. संध्याकाळी न्यू जर्सीकडून पाहिल्यास मावळतीचे ऊन इमारतीच्या पश्चिमेकडील दगडावर पडलेले दिसते; त्याच वेळी क्वीन्सच्या काठावर उभे असाल तर मावळतीच्या आकाशावर तिची नुसती आकृती उमटते. अलीकडच्या बारीक, उंच मनोऱ्यांनी आसपासची मोकळीक बरीच कमी केली आहे, तरीही टप्प्याटप्प्याने निमुळती होत जाणारी ही आकृती लहान मूलही ओळखते. उंचीत आज ती न्यू यॉर्कमध्येही पहिली नाही. ओळखीत मात्र तिच्या पुढे फारच थोड्या इमारती असतील, आणि हे कसे घडले तेच पाहायला आपण आलो आहोत.

दुसरा टप्पा पायी करावा. २३ व्या रस्त्यावरील मॅडिसन स्क्वेअर पार्कपासून फिफ्थ ॲव्हेन्यूने उत्तरेकडे चालू लागावे. ३४ व्या रस्त्यापर्यंतचे अंतर एक किलोमीटरही नाही. या वाटेवर इमारत सतत समोर राहते, आणि अगदी पायथ्याशी पोहोचल्यावर ती एकाएकी दिसेनाशी होते, कारण पदपथालगत उभा आहे तो फक्त पाच मजल्यांचा चौथरा. मनोरा त्याच्या बराच आत सरकवलेला आहे. यामागे १९१६ चा बांधकामविषयक कायदा आहे. १९१५ मध्ये खालच्या मॅनहॅटनमध्ये इक्विटेबल बिल्डिंग ही प्रचंड इमारत रस्त्याला लागून सरळसोट उभी राहिली आणि तिच्या सावलीत आजूबाजूचे रस्ते बुडाले. त्यानंतर शहराने नियम केला की, ठरावीक उंचीनंतर इमारतीने मागे सरत जावे आणि भूखंडाच्या एक चतुर्थांश भागावर मात्र हवे तितके उंच जावे. ज्या पायऱ्या-पायऱ्यांच्या घडणीला आपण सौंदर्य म्हणतो, ती रस्त्यावरच्या माणसाला ऊन मिळावे म्हणून केलेल्या नियमातून आली आहे. मुंबईकरांना ही घडण परकी वाटणार नाही. ओव्हल मैदानाजवळची इरॉस थिएटरची इमारत आणि मरीन ड्राइव्हवरची घरे त्याच काळातल्या आर्ट डेको शैलीतली आहेत.

पायथ्याशी थांबून भिंतीकडे नीट पाहावे. इंडियाना राज्यातून आणलेला फिकट चुनखडीचा दगड, त्याच्या मधून वर धावणाऱ्या चकचकीत पोलादाच्या उभ्या पट्ट्या, आणि भिंतीच्या पृष्ठभागाशी जवळजवळ समतल बसवलेल्या खिडक्या दिसतील. खिडक्या आत खोल बसवल्या असत्या तर प्रत्येक खिडकीभोवतीचा दगड कोरून घडवावा लागला असता. त्या बाहेर आणल्यामुळे ते काम वाचले. अशा ६,५१४ खिडक्या आहेत, यावरून किती वेळ वाचला असेल याची कल्पना येते. वेळेची ही घाई या इमारतीच्या कथेचा गाभा आहे. जनरल मोटर्सचे माजी अधिकारी जॉन रॅस्कोब आणि न्यू यॉर्क राज्याचे माजी गव्हर्नर अल स्मिथ यांनी हा प्रकल्प हाती घेतला, जुने वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेल पाडून जागा मोकळी केली, आणि वास्तुविशारद विल्यम लॅम्ब यांच्याकडे आराखड्याचे काम गेले. तिकडे क्रायस्लर बिल्डिंग जगातील सर्वांत उंच इमारत होण्यासाठी धडपडत होती. १७ मार्च १९३० रोजी बांधकाम सुरू झाले आणि १ मे १९३१ रोजी, म्हणजे ४१० दिवसांत, १०२ मजल्यांच्या इमारतीचे उद्घाटन झाले.

हा आकडा सांगताना बांधणाऱ्यांना विसरू नये. कामाचा जोर सर्वाधिक असताना रोज सुमारे ३,४०० माणसे येथे राबत होती. त्यांत युरोपातून आलेले स्थलांतरित होते आणि पोलादी सांगाडा उभारण्याच्या कामात नावाजलेले मोहॉक आदिवासी कारागीरही होते. पोलादाच्या प्रत्येक तुळईवर तिची जागा दर्शवणारा क्रमांक घातलेला असे. विटा व इतर सामान ढकलगाडीने वाहत बसण्याऐवजी प्रत्येक मजल्यावर छोटे रूळ टाकून त्यावरून डबे फिरवले जात, आणि कामगारांचा उतरण्या-चढण्याचा वेळ वाचावा म्हणून जेवणाची सोय वरच्या मजल्यांवरच केलेली होती. अधिकृत नोंदीनुसार पाच कामगारांचा मृत्यू झाला. ल्यूइस हाइन यांनी या कामगारांची काढलेली छायाचित्रे वर जाण्यापूर्वी अवश्य पाहून ठेवावीत, म्हणजे गच्चीवर उभे राहिल्यावर आपल्या पायांखालचे पोलाद कोणत्या हातांनी जोडले आहे हे डोळ्यांसमोर राहते.

उद्घाटनाच्या वेळी राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूवर यांनी वॉशिंग्टनमधून बटण दाबले आणि इमारतीतील दिवे लागले असे जगाला सांगण्यात आले, पण दिव्यांखाली बसायला माणसे नव्हती. महामंदी ऐन भरात होती, बहुतेक कार्यालये भाडेकरूंविना पडून होती, आणि लोक तिला ‘एम्प्टी स्टेट बिल्डिंग’, म्हणजे रिकामी इमारत म्हणू लागले. अशा वेळी तिला हात दिला तो एक डॉलर देऊन शहर पाहायला वर येणाऱ्या सामान्य माणसांनी. पहिल्या वर्षी गच्चीच्या तिकिटांतून सुमारे वीस लाख डॉलर मिळाले, जवळजवळ भाड्याइतकेच. ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. सरकारने हे राष्ट्रीय प्रतीक घडवले नव्हते. नावही ‘एम्पायर स्टेट’ या न्यू यॉर्क राज्याच्या टोपणनावावरून घेतलेले होते. वाईट दिवसांत पदरचा डॉलर खर्चून वर आलेल्या लोकांनी या इमारतीला आपले मानले आणि मग ती देशाची झाली. राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ हा दर्जा तिला १९८६ मध्ये मिळाला, म्हणजे लोकांच्या निर्णयानंतर पुष्कळ उशिरा.

आता ३४ व्या रस्त्यावर यावे आणि उत्तरेकडच्या बाजूस वर नजर टाकावी. २८ जुलै १९४५ च्या शनिवारी सकाळी दाट धुक्यात वाट चुकलेले एक बी-२५ लष्करी विमान ७९ व्या मजल्याच्या आसपास येथे आदळले. विमानातील तिघे आणि इमारतीतील अकरा अशी चौदा माणसे दगावली. लिफ्ट चालवणाऱ्या बेटी लू ऑलिव्हर यांची लिफ्ट ७५ मजले खाली कोसळली आणि तरीही त्या वाचल्या. पोलादी सांगाडा मात्र शाबूत राहिला, आणि सोमवारी इमारतीच्या बऱ्याच भागात कामकाज सुरू झाले.

पर्यटकांचा प्रवेश आता ३४ व्या रस्त्यावरून आहे, त्यामुळे फिफ्थ ॲव्हेन्यूवरील मुख्य दालन अनेकांच्या नजरेतून सुटते. ते कार्यालयांचे प्रवेशद्वार असल्याने तिथल्या सुरक्षारक्षकांना विचारूनच आत डोकावावे. समोरच्या भिंतीवर धातूत घडवलेली इमारतीची प्रतिमा आहे, आणि तिच्या शिखरातून किरण फाकलेले आहेत. छतावर सोन्याच्या व ॲल्युमिनियमच्या वर्खात ग्रहतारे यंत्राच्या चक्रांसारखे रंगवले आहेत. १९६० च्या दशकात हे छत दिव्यांच्या पट्ट्यांखाली झाकले गेले होते; २००९ मध्ये ते पुन्हा मूळ रूपात आणले गेले.

वर जाण्याचे तिकीट वेळेसह आधीच काढून ठेवावे, आणि शक्य असल्यास सूर्यास्ताच्या तासभर आधीची वेळ घ्यावी, म्हणजे उजेडातले आणि दिव्यांतले अशी दोन्ही शहरे एकाच फेरीत दिसतात. त्या वेळेला गर्दी आणि दर दोन्ही अधिक असतात, हे धरून चालावे. पहिली लिफ्ट ८० व्या मजल्यापर्यंत नेते आणि तिथून दुसरी ८६ व्या मजल्यावर. तेथील उघडी गच्ची जमिनीपासून १,०५० फूट उंचीवर आहे. खाली उकडत असले तरी वर वारा झोंबतो, म्हणून वडीलधाऱ्यांसाठी स्वेटर आणि कानटोपी बरोबर ठेवावी. मोठे सामान किंवा कॅमेऱ्याची तिवई नेऊ नये. १०२ व्या मजल्याचे तिकीट वेगळे असते आणि तिथे काचेआडून पाहावे लागते. माझ्या मते ८६ वा मजला पुरेसा आहे, कारण वाऱ्यासकट शहर तिथेच भेटते. वरच्या त्या टोकाला प्रवासी एअरशिप, म्हणजे वायू भरलेली अवाढव्य हवाई जहाजे, दोरांनी बांधण्याचा बेत होता, तो वाऱ्यापुढे टिकला नाही. पुढे तेथूनच दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण होऊ लागले. अँटेनासह आज उंची १,४५४ फूट आहे.

गच्चीवर आधी दक्षिणेकडे जावे. तिथे वन वर्ल्ड ट्रेड सेंटर दिसते आणि त्याच्या उजवीकडे, बंदराच्या पाण्यात, स्वातंत्र्यदेवतेचा बोटाएवढा पुतळा. १९७० च्या सुमारास जुळ्या मनोऱ्यांनी एम्पायर स्टेटला उंचीत मागे टाकले होते. सप्टेंबर २००१ मध्ये ते कोसळल्यावर शहरातील सर्वांत उंच इमारत हा मान तिच्याकडे अतिशय दुःखद रीतीने परत आला आणि २०१२ पर्यंत राहिला. ईशान्येला क्रायस्लर बिल्डिंगचा चकाकता माथा दिसेल, पश्चिमेला हडसन नदी आणि तिच्यापलीकडे आपण जिथून सकाळी निघालो तो काठ.

खाली उतरल्यावर लगेच घरी निघू नये. शिखरावरचे दिवे ही या इमारतीची भाषा आहे. १९३२ मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट निवडून आल्याची बातमी तिच्या माथ्यावरील प्रकाशझोताने दूरवर कळवली होती. १९७६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीसाठी ती लाल, पांढऱ्या व निळ्या रंगांत उजळली. दिवाळीला ती केशरी झालेली आणि भारताच्या स्वातंत्र्यदिनी तिरंग्यात न्हालेली अनेक मराठी कुटुंबांनी पाहिली आहे. त्या दिवशीचा रंग कशासाठी आहे हे इमारतीच्या संकेतस्थळावर आधी पाहून घ्यावे, म्हणजे मुलांना सांगता येते. मग हेराल्ड स्क्वेअरजवळच्या ३३ व्या रस्त्यावरील स्थानकातून ‘पाथ’ (PATH) या न्यू जर्सीला जोडणाऱ्या रेल्वेने नदीखालून होबोकनला यावे, स्थानकाबाहेर पडून पुन्हा काठावर जावे आणि सकाळी जिथे उभे होतो तिथूनच ती एकदा पाहावी.